अडखळता उजेड

दुकान दोघा भावांचं. लोकांच्या कम्प्युटरला हौसेची काचेची कॅबिनेटं बांधून द्यायची आणि आत रंगीत दिव्यांचे फॅन बसवायचे, हा धंदा. थोरला पत्रा कापायचा, वायरी ओढायचा, स्क्रू पिळायचा. धाकटा शेवटी येऊन रंग लावायचा, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. काम अर्धं आणि कौतुक दुप्पट. थोरल्याला ते खुपायचं, पण पाठचा भाऊच तो, सांगणार कोणाला?

रंगाऱ्याला एक खोड होती. फॅनचा उजेड हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, त्याला या धंद्यात श्वास म्हणतात. बाकीचे कारागीर फॅनसोबत आलेला श्वास तसाच ठेवतात. हा पठ्ठ्या छातीवर हात ठेवून बसायचा आणि स्वतःचा श्वास दिव्यांना शिकवायचा. लहानपणापासूनचा दमेकरी. त्याचा श्वास चढताना मध्येच अडायचा, जिन्यात म्हातारं माणूस टेकतं तसा, आणि मग पुढे जायचा. उजेडही तसाच अडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, काय नजाकत आहे. नजाकत कसली, दमा होता तो.

दुसरी खोड त्याहून वाईट. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय तो रंग सेव्ह करायचा नाही. "आधी सेव्ह केलं की हात आळशी होतो," म्हणायचा. एका पहाटे दम्याने त्याला नेलं आणि शेवटचं कॅबिनेट तसंच राहिलं. टेबलावर त्याचे फॅन उजळत होते, अडत होते, विझत होते. दिवे चालवणारा कंट्रोलर नुसता ऐकतो, बोलत नाही. त्याला काय शिकवलंय ते परत विचारता येत नाही, आणि वीज गेली की तो सगळं विसरतो. थोरल्याने हे आईला समजावलं आणि तिथेच चूक केली. आईने खुर्ची ओढली आणि कॅबिनेटसमोर बसली ती बसलीच.

"आई, प्रोग्रॅम आहे गं तो."

"माझ्या पोराचा श्वास तू मला शिकवू नकोस. जन्मभर त्याच्या उशाशी बसलेय मी."

थोरल्याने मोठी बॅटरी जोडली, म्हणजे वीज गेली तरी फॅन चालू राहतील. दुसरं करणार काय? गिऱ्हाइकाला नवीन कॅबिनेट बांधून दिलं. पण दुकानात काम करताना त्याच्याही अंगावर काटा यायचा. पाठ फिरवून बसला तरी मानेला कळायचं, आता चढला, आता अडला. तेवढा वेळ त्याचा पेचकसही थांबायचा. उजेड पुढे गेला की सुटल्यासारखं वाटायचं. आणि रागही यायचा, का येऊ नये? जिवंत मुलगा ताट घेऊन उभा आहे आणि ही बाई मेलेल्याकडे बघत बसलीय.

मग वरचा फॅन घरघरायला लागला. बेअरिंग गेलं होतं.

"त्याला धाप लागलीय," आई म्हणाली. "काहीतरी कर."

पाठोपाठ जळका वास आला. थोरल्याने वायरीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. आता बंद केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाही केलं तर दुकान पेटलं असतं, समोर बसलेल्या आईसकट.

त्याआधी त्याने जंग जंग पछाडलं. फोनने व्हिडिओ काढला, तर त्यात नुसते काळे पट्टे धावत होते. शेजारी दुसरा फॅन लावून ताल जुळवून पाहिला. चढणं जमलं, उतरणं जमलं, ते अडणं काही केल्या सापडेना. आई एकदा बघायची आणि मान हलवायची. "हा कोणीतरी परका आहे."

शेवटी तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "आई, बंद करावं लागेल."

ती म्हणाली, "तो गेला तेव्हा माझा डोळा लागला होता. आज जागी आहे. कर."

थोरल्याने बॅटरीतून प्लग ओढला. उजेड उतरला. प्लग हातात लोंबत असताना तो पुन्हा चढू लागला, मध्ये अडला, आणि पुढे गेला नाही. वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात थोडी वीज उरते, हे थोरल्याला पाठ होतं. पण ती उरलेली वीज एका लुकलुकीपुरती असते. एवढी नसते. तो आईकडे न बघता स्क्रू काढू लागला.

फॅन बदलला, जळकी वायर बदलली, बटण दाबलं. सगळे फॅन कोऱ्या सप्तरंगात गरागरा फिरू लागले. आईने तोंड फिरवलं. ती रडली नाही. खुर्चीतच तिला गाढ झोप लागली, कित्येक दिवसांनी.

तिच्या अंगावर शाल टाकताना थोरला जागच्या जागी थिजला. शाल छातीबरोबर वर चढत होती, मध्येच अडत होती, मग पुढे जात होती. आईला दमा नव्हता. कधीच नव्हता. त्याने आवाज न करता लॅपटॉप ओढला आणि शालीवरची नजर न काढता दिव्यांना शिकवू लागला. ते अडणं पहिल्याच खेपेला बसलं.

आई जागी झाली तेव्हा काचेत उजेड चढत होता. ती बघत राहिली.

"जमलं का?" थोरल्याने विचारलं.

"हा तो नाही."

"मग कोण आहे?"

"मी आहे."

तो पुसून टाकायला पुढे झाला, तर तिने त्याचं मनगट धरलं. धाकटा गेल्यापासून तिने त्याला हातही लावला नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. "मी गेल्यावर तू कोणासमोर बसशील? एवढंच कर, या वेळी सेव्ह कर."

त्याने सेव्ह केलं. उजेड चढला, मध्येच अडला, आणि तो पुढे जाईपर्यंत दोघंही थांबून राहिली.