पवनचक्कीतला हिस्सा

वसंतरावांना सगळं चालायचं, फक्त नाहक गेलेला पैसा चालायचा नाही. लातूरच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून हा माणूस निवृत्त झाला. भूकंपानंतर गाव सावरलं, क्लासेसचं पीक जोमात आलं, तेव्हा त्यांनीही घरावर मजला चढवला, खोल्या काढल्या आणि गावोगावची पोरं ठेवून घेतली. फाटकावर मोठ्या हौसेनं पाटी लावली, 'लाइट बिल भाड्यातच.' त्या घटकेला त्यांच्या पत्रिकेतला शनी खुदकन हसला असणार. कारण डॉक्टर व्हायला निघालेली पोरं एक वेळ जेवण विसरतील, पण दिवा मालवणार नाहीत. पुस्तकावर डोकं टेकून घोरत पडतील आणि वर दिवा ढणढणत राहील. पाटी काढावी तर शब्द मोडला म्हणून गावभर बोभाटा होणार. त्यात विजेचा दर सारखा वाढत होता.

एक दिवस पेपरात त्याचं कारण सापडलं. राज्याच्या वीज नियामक आयोगानं वीज कंपनीला हुकूम केला होता, की एकूण विजेतला ठरावीक वाटा वाऱ्याचा, उन्हाचा नाहीतर उसाच्या चिपाडाचा घ्यायलाच पाहिजे. ही वीज महाग. कंपनी ती घेणार आणि वरचा भार दर वाढवून ग्राहकांच्या डोक्यावर टाकणार.

"म्हणजे पैसा कुणाचा?" वसंतरावांनी चहाचा कप आदळला.

"आपला," त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. कप फुटला नाही ना, हे त्यांनी आधी बघून घेतलं.

"पैसा ज्याचा, वस्तू त्याची. सरळ व्यवहार आहे. म्हणजे पवनचक्कीत आपला हिस्सा आहे!"

"मग चिपाडात पण असेल की."

"चिपाडावर हक्क सांगण्यात काय रुबाब आहे?"

झालं. त्या दिवसापासून वसंतराव पवनचक्कीचे मालक झाले. बँकेच्या रांगेत 'आमची पवनचक्की', न्हाव्याच्या खुर्चीत 'आमची पवनचक्की'. जरा वारं सुटलं की गच्चीवर उभे राहून म्हणायचे, "चला, आज आपलं काम जोरात चालू आहे." भारनियमनात घर अंधारात बसलेलं असलं तरी म्हणायचे. ऐकणारे हसून सोडून द्यायचे. पण चंद्रप्रभाबाईंची मावसबहीण उमादेवी हिनं सोडलं नाही.

उमादेवी लग्न जुळवायची. वसंतरावांची मुलगी मनस्विनी एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होती. सराव परीक्षांचे पेपर काढता काढता नांदेडच्या क्लासमधल्या मुकुलशी तिची ओळख झाली, आणि दोघांनी आपसात सगळं ठरवूनही टाकलं. तो भौतिकशास्त्राचा. थोरांच्या मनाला बरं वाटावं म्हणून स्थळ रीतसर उमादेवीच्या तोंडून सांगून आलं होतं, एवढंच. उमादेवीनं नांदेडला जाऊन मुलीकडची सगळी माहिती दिली. स्लॅबचं घर, भाड्याच्या खोल्या, आणि शिवाय एक पवनचक्की.

"खोटं काय बोलले मी?" ती नंतर म्हणाली. "वसंतराव तर रोजच सांगून राहिलेत."

मुकुलचा फोन आला तेव्हा मनस्विनीला हे कळलं. ती तशीच वडिलांपुढे येऊन उभी राहिली. "बाबा, रविवारी पाहुण्यांसमोर पवनचक्कीचं नावसुद्धा काढायचं नाही. हे लग्न मोडलं तर मी दुसरं करणार नाही, सांगून ठेवते."

"मी कशाला काढू?" वसंतराव म्हणाले. पोरीचे डोळे भरलेले बघून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं की या बाबतीत तोंड म्हणून उघडायचं नाही.

रविवारी पाहुणे आले. मुकुल, त्याची आई आणि वडील राघवेंद्रराव. राघवेंद्रराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आवाज धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा. लातूरच्या घरात नवा माणूस आला की तो यजमानाच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी छताकडे बघतो. भूकंपापासूनची ही रीतच आहे. राघवेंद्ररावांनी छत पाहिलं, खांबावर टकटक करून पाहिली.

"बीम-कॉलम आहे ना?"

"आहे. सळई पण वाढवून घातलीय," वसंतराव म्हणाले.

पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत असल्याचं मुकुलच्या चेहऱ्यावर आल्यापासूनच दिसत होतं. आणि मग राघवेंद्ररावांनी मिशी पुसत म्हटलं, "आता पवनचक्की दाखवा."

वसंतरावांनी लेकीकडे पाहिलं. लेक पोह्यातल्या मिरचीकडे पाहत होती. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती, आणि तसं ते सांगणारही होते. पण राघवेंद्रराव पुढे म्हणाले, "नसली तर राहू द्या. लोक काय, राईचा पर्वत करतात."

"नसली तर म्हणजे?" वसंतराव ताडकन उठले. "चला!"

दोन गाड्या लातूरजवळच्या मुरुडच्या पुढे माळावर गेल्या. तिथे पवनचक्क्यांची रांग उभी होती. बाकी सगळ्या संप केल्यासारख्या ढिम्म होत्या, एक तेवढी सावकाश फिरत होती.

"ती!" वसंतरावांनी बोट दाखवलं. फुकटात निवडायची तर बंद कशाला निवडायची?

तिच्या खांबाच्या लांबुळक्या सावलीत एक बाज होती, बाजेवर ग्यानोबा नावाचा शेतकरी आणि शेजारी त्याची म्हैस. ऊन सरकलं की तो बाज सरकवायचा आणि म्हैस आपण होऊन मागं यायची. माणसं बघून तो उठला.

"राम राम. काय बघून राहिलात, सायेब?"

"आमची पवनचक्की," वसंतराव छाती काढून म्हणाले.

"तुमची हाय व्हय?" ग्यानोबाचा चेहरा उजळला. त्यानं वसंतरावांचा हातच धरला. "लई झ्याक झालं! मालक घावंना म्हणून बेजार झालतो. हिच्या घुरघुरीनं माजी म्हैस दूध चोरायलीय. आता तुमीच सांगा, म्हशीचं काय करायचं?"

वसंतरावांनी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनंही त्यांच्याकडे मालकाकडे बघावं तसं पाहिलं.

"आमची म्हणजे... अगदी पुरती आमची नाही," ते चाचरले. "हिस्सा आहे."

"किती?" राघवेंद्ररावांनी विचारलं.

आता लपवाछपवीला जागाच उरली नाही. आयोगाचा हुकूम, महाग वीज, वाढलेला दर, सगळं वसंतरावांनी सांगून टाकलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मनस्विनीनं डोळे मिटून घेतले. राघवेंद्रराव लालबुंद झाले.

"म्हणजे बिल भरता म्हणून तुमची?"

"हो."

"अहो, बिल तर मीही भरतो! म्हणजे हिच्यात माझा हिस्सा आहे! आणि तो दाबून तुम्ही एकटेच मालक म्हणून मिरवून राहिलात?"

वसंतरावांनी बाह्या सरसावल्या. हक्काची गोष्ट निघाली होती. "लातूरचा हिस्सा जास्त. आमच्याकडे पोरं रात्र रात्र दिवे जाळतात."

"आणि नांदेडची पोरं काय काजवे धरून अभ्यास करतात?"

"पाती तीन आहेत. दोन लातूरची."

"एक! दोन नांदेडची!"

"बाबा, पाती वेगवेगळी फिरत नाहीत," मुकुलनं भौतिकशास्त्र काढलं. दोन्हीकडून एकदमच "तू गप!" आलं. चंद्रप्रभाबाई आणि मुकुलची आई एकमेकींकडे बघून बाजेवर टेकल्या. नवऱ्यांच्या बाबतीत त्यांचं तिथेच जुळलं. इकडे राघवेंद्रराव गाडीचं दार उघडून ओरडले, "दुसऱ्याचं पातं गिळणाऱ्या घरची मुलगी आम्हाला नको!"

मनस्विनीचा संयम सुटला. "थांबा!" तिचा आवाज क्लासमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो माळावर घुमला. म्हैससुद्धा दचकली. "तुम्ही दोघं दरमहा पैसे भरता आणि दोघांच्याही घरात रोज अंधार असतो. पात्याचं सोडा, त्याचा वारासुद्धा कुणाच्या अंगाला लागलेला नाही. एकेकट्याच्या हिश्श्याला इथे कोण विचारतं? आमचं लग्न लावा. लातूरचं एक, नांदेडचं एक, दोन्ही पाती एका घरात येतील."

दोघे म्हातारे वर बघू लागले. शेताला शेत जोडून सोयरिकी करणारा हा मुलूख. एवढं कुणालाही समजतं.

"तिनात दोन," राघवेंद्रराव पुटपुटले.

"बहुमत!" वसंतराव म्हणाले.

"मंजूर?"

"मंजूर!"

दोघांनी कडकडून मिठी मारली. ग्यानोबानं घरातून गुळाचा खडा आणला आणि तिथेच सगळ्यांची तोंडं गोड झाली.

"पर तिसरं पातं कुणाचं म्हनायचं?" त्यानं विचारलं.

"तुझं!" राघवेंद्रराव उदार झाले.

"मला नगं," ग्यानोबा घाईघाईनं म्हणाला. "मंग म्हैस मलाच इचारंल. सावली तेवढी ऱ्हाऊ द्या."

परत निघताना मुकुलच्या आईनं मनस्विनीला आपल्या गाडीत बोलावून घेतलं. वसंतरावांच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे नवराबायको दोघंच उरले. वसंतराव खुशीत होते. दोन पाती हातात असली की आयोगाच्या दरवाढीवरच्या सुनावणीत कसं बोलायचं, ते चंद्रप्रभाबाईंना समजावून सांगत होते. त्या ऐकत होत्या आणि मधली रिकामी जागा हातानं उगीच साफ करत होत्या.

"मनू आता नांदेडला जाणार," त्या म्हणाल्या.

"जाणारच. पातं तिकडे..." वसंतराव बोलता बोलता थांबले. पुढची गाडी वळणावर गेली होती. काचेतून लेकीचा हसरा चेहरा दिसला. बिलातल्या एकेका पैशासाठी कंपनीशी भांडणारा माणूस, आणि पोरगी देताना त्यानं एका शब्दानंही घासाघीस केली नव्हती. उलट 'मंजूर' म्हणून ओरडला होता.

"त्यांना फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, आमचं पातं पण तुम्हालाच. तिन्ही ठेवा. त्याच्या बदल्यात..."

"मनू?"

 वसंतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला.

"अहो, हे असंच असतं," चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "भरायचं आपण आणि उजेड पडायचा दुसऱ्याच्या घरात."

या वसुलीबद्दल मात्र वसंतरावांनी तक्रार केली नाही. पुढची गाडी दिसेनाशी होऊ नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरला जरा जोरात घ्यायला सांगितलं.