कुंदाचं ताट

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेला माहीत आहे. पण त्या आवाजाबद्दल मी अकरा वर्षं कुणाशी बोलले नाही. आम्ही जेवायला बसलो की माळ्यावर ताटावर वाटी वाजायची. टिंग, टिंग. माझ्या कुंदाला आणखी भात हवा असला की ती अशीच वाजवायची, बाहेर गॅलरीतून.

चौऱ्याऐंशी साली तिला रक्ताची हगवण लागली. रोज ताप, अंगाची नुसती काडी. डॉक्टर म्हणाले, आतड्याचा टीबी. मग मी तिचं नाव कोरलेलं ताट-वाटी वेगळं काढलं अन् तिला गॅलरीत बसवलं. टीबीच्या गोळ्या आठ महिने खाऊन पोरगी गेली, ताट माळ्यावर गेलं. बारा वर्षांची होती हो!

पंच्याण्णवला तिच्या धाकट्या भावाला, मधूला, तेच सुरू झालं. तेच रक्त, तोच ताप. मी माळ्यावरून ते ताट उतरवलं. मधूनं त्यावरचं नाव वाचलं अन् ते घेऊन गॅलरीत जाऊन बसला. थोड्या वेळानं तिकडून वाटी वाजली. मी धावत गेले. पोरगा भिंतीकडे तोंड करून बसलेला, वाटीला शिवलाही नव्हता.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कुंदाचे जुने कागदही बघितले.

"मावशी, हा टीबी नाही. जंतू मारायला शरीराचे पहारेकरी असतात. काम झालं की 'आता थांबा' असा निरोप त्यांना जातो. याच्या अंगात तो पोचत नसावा. मग ते स्वतःचंच आतडं जाळत बसतात. भावा-बहिणीला दोघांनाही, म्हणजे जन्मतःच असणार. वेगळ्या गोळ्या देऊ, फरक पडेल."

"एकत्र जेवलं तर लागतं का?"

"छे! कधीच नाही."

गावात चहाच्या हॉटेलात माझ्या सासऱ्यांना वेगळी कपबशी असायची. छप्पन साली ती फोडून ते बौद्ध झाले. अन् त्यांच्याच नातीला घरात वेगळं बसवणारी कोण? मी! आग लागो माझ्या हाताला.

घरी आल्यावर मधूच्या बापाला म्हटलं, "अहो, जरा सरका." मधूला माझ्या मांडीला मांडी लावून बसवलं. त्याच्या शेजारी कुंदाचं ताट मांडलं, भात वाढला, वर वरण घातलं. मधू पोटभर जेवला. मी कान देऊन बसले. भात गार झाला तरी वाटी वाजली नाही.

"वाजव ना गं कुंदे," मी म्हटलं. "आता नाही बाहेर बसवणार. एकदा वाजव."