पुढचे सहा

माझ्या मुलीने अर्जात कुठले पाच पर्याय भरलेत ते मला तिच्या दप्तरात सापडलं. सापडलं म्हणजे मी शोधलं. शाळा संपून तीन आठवडे झाले होते आणि निकाल चांगला लागला होता, इतका चांगला की शेजारणीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. अर्ज शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. आज सोमवार.

पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. एक, जमीनमोजणी. दोन, जहाजावरचं बिनतारी काम. तीन, वनरक्षक. चार, माती तपासणी. पाच, हवामान केंद्र.

जमीन झाली, पाणी झालं, झाडं, माती, वारा, आभाळ. पंचमहाभूतांतला अग्नी तेवढा राहिला होता, तो माझ्या डोक्यात पेटला. कारण कवळ्या बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जो आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर शिकवतात आणि जो संपल्यावर डॉक्टर तिला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार होते, तो या पाचांत कुठेच नव्हता.

आमचं घर कवळ्यांवर चालतं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिला लॅब म्हणायचं. खिडकी एक, नळ एक, आणि तीन भिंतींवर फळ्याच फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतलं की त्या ठशात प्लास्टर ओतायचं, जबडा तयार करायचा, त्याच्यावर मेणात दात लावायचे. कितीतरी जबड्यांचे मालक आता या जगात नाहीत. डॉक्टर म्हणायचे, टाकून द्या. माझा नवरा म्हणायचा, असू दे, बोलत तर नाहीत ना.

ती लॅब त्याची. मी त्याच्या हाताखाली शिकले, तेही कुणी शिकवलं म्हणून नाही. डबा द्यायला जायचे ती थांबायचे, थांबायचे ती प्लास्टर कालवायचे, अशी सात-आठ वर्षांत दाढा लावण्यापर्यंत पोचले. पुढचे सहा दात मात्र त्याने मला कधी लावू दिले नाहीत. “दाढा चावायला,” तो म्हणायचा, “पुढचे सहा ओळख पटायला. ते मी बघतो.” गिऱ्हाइकाकडून तो जुना फोटो मागून घ्यायचा, हसतानाचा. तो खिडकीशी टाचायचा आणि तासभर नुसता बघत बसायचा. मग गरम सुरीने एकेक दात मेणात बसवायचा. एखाद्याचा दात फोटोत वाकडा असेल तर वाकडाच. कवळी घातलेली आजी घरी गेल्यावर नातवंडं घाबरायला नकोत, म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, पॉलिशचं यंत्र चालू असतानाच तो गेला. मी पोचले तेव्हा यंत्र चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, “वहिनी, माणसं दातांशिवाय बसलीत. जमेल तसं करा.” मी जमेल तसं केलं.

मुलीचं सांगायचं तर तिला घरात सगळे भिंग म्हणतात. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट नाकाशी धरून बघायची सवय. तीन वर्षांत हे भिंग लॅबमध्ये फिरकलं नाही. बोलणं कमी झालं, हसणं ओठ मिटून. शाळेतून येताना बाजाराचा सरळ रस्ता सोडून गोदामामागच्या गल्लीतून यायची, वीस मिनिटं जास्त चालून. मी समजले, वय आहे, दुःख आहे. आयांना एकदा कारण सापडलं की त्या दुसरं शोधत नाहीत.

मंगळवारी मी चष्मा घरी विसरले. मुद्दाम नाही, पण फोन करून तिलाच आणायला सांगितलं ते मुद्दाम.

ती आली, दारातच उभी राहिली. मी म्हटलं, “आत ये, जबडे चावत नाहीत.”

“अर्ज वाचलास ना?”

“वाचला. जहाज काय, जंगल काय. पोहता तरी येतं का तुला?”

“शिकेन.”

“या पाचांत सारखं काय आहे ते सांग, मी गप्प बसते.”

“लांब आहेत,” ती म्हणाली. “पाचही.”

मला काही बोलता येण्याआधी पोस्टमनकाका दवाखान्यातून मागे आले. निवृत्त माणूस, वर्षापूर्वी मीच त्यांची कवळी केली होती. खालची जरा टोचते म्हणून घासून हवी होती. भिंगाला बघून ते खूश झाले. “अगं, पास झालीस म्हणे,” असं म्हणून छान, तोंडभर हसले.

भिंगाने ओट्यावरचं प्लास्टरचं भांडं उचललं होतं, कशाला कुणास ठाऊक. ते तिच्या हातून पडलं. रबराचं भांडं, फुटायचं काही नाही, पण ओलं प्लास्टर काकांच्या बुटांवर. काका बिचारे “असू दे, असू दे” म्हणत बाहेर जाऊन बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

ती जमीन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तू बाबांना सगळ्यांच्या तोंडात बसवलंयस.”

मी हसले. म्हणजे हसण्याचा आवाज काढला.

“पोस्टमनकाका. लायब्ररीतल्या बाई. स्टँडवरचा कंट्रोलर. किल्लीवाला. सगळे बाबांसारखे हसतात. तो डावीकडचा दुसरा दात, पुढच्या दातावर किंचित चढलेला. मी कुठूनही गेले तरी कुणीतरी भेटतं आणि हसतं.” तिने फडकं पिळलं. “मला वाटलं तुला माहितेय. मला वाटलं तू मुद्दाम करतेस.”

ती गेल्यावर मी फळीवरून तो जबडा उतरवला. खिडकीजवळच्या फळीवर, हाताशीच असायचा. त्यावर नंबर नाही. भिंग सात वर्षांची असताना तिने हट्ट करून बाबाच्या तोंडाचं माप घेतलं होतं. तोंडात ते गार माप, त्याला ओकारी येतेय, हसूही येतंय, आणि ही कंबरेवर हात ठेवून सांगतेय, हलायचं नाही. त्या मापातून निघालेला हा जबडा. डावीकडचा दुसरा दात किंचित चढलेला.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या कवळीला मी पुढचे सहा लावायला बसले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. समोर बघायला काहीतरी हवं म्हणून हा जबडा घेतला. मला पाठ असलेलं एवढं एकच तोंड होतं. फोटो मागायचं धाडस झालं नाही, मग तीच सवय पडली. दात थोडा चढवला की खरा वाटतो, एवढंच शिकले असं मला वाटत होतं. डॉक्टरांना दात दिसतात, हसणं दिसत नाही. तीन वर्षांत साठेक तोंडं झाली असतील.

बुधवारी मी बाजारातून गेले. काही आणायचं नव्हतं. किल्लीवाल्याच्या टपरीसमोर उभी राहिले, त्याने विचारलं, “ताई, कुलूप का किल्ली?” आणि उगाचच हसला. जाड मिशी, टक्कल, आणि त्याच्याखाली माझा नवरा. लायब्ररीतल्या बाई कधी हसत नाहीत, मी पुस्तक उशिरा परत केल्याचं खोटंच कबूल केलं, तेव्हा त्या दया येऊन अर्ध्याच हसल्या. तसं अर्धं तो भांडण मिटवताना हसायचा. स्टँडवरचा कंट्रोलर कुणावर तरी ओरडत होता. मी त्याच्या हसण्याची वाट बघत बाकावर बसले. तीन बस गेल्या. हसला नाही तेव्हा मला एकदम त्याचा राग आला, आणि मग माझी मलाच भीती वाटली.

घरी येऊन मी भिंगाला विचारलं, “कधीपासून दिसतंय तुला?”

“पहिल्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कामाला लागली होतीस. जेवायला लागली होतीस.” ती नखाने टेबल खरवडत होती. “मी ठरवायला बसते ना, की इथेच राहावं, लॅबमध्ये, तर बाहेर कुणीतरी हसतं. मला वाटतं बाबा हो म्हणतायत. मग ठरवते, नाही, जायचं. तर दुसरं कुणीतरी हसतं. काहीही ठरवलं तरी ते हो म्हणतात. मला माझं काही ऐकूच येत नाही.”

अशा वेळी आईने काहीतरी शहाणपणाचं बोलावं. मी चहा टाकला.

गुरुवारी घंटाबाईंची पाळी होती. शाळेची घंटा तीस वर्षं वाजवलेल्या बाई, म्हणून घंटाबाई. मेणातली कवळी आधी तोंडात बसवून बघतात, दात हलवायचे असतील तर तेव्हाच हलवता येतात. मी त्यांना निरोप धाडला होता, जुना फोटो आणा. त्यांनी पिशवीतून काढला. विशीतल्या बाई, डोक्यावर ऊन, आणि पुढच्या दोन दातांत ही एवढी फट.

“ती फट नको हं,” बाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. “मुलं शिट्टीबाई म्हणायची.”

त्यांना बाहेर बसवून मी फोटो खिडकीशी टाचला आणि सुरी गरम केली. सहा दात काढले, पुन्हा लावले. नीट बघितलं तर डावीकडचा दुसरा पुढच्यावर चढलेला. पुन्हा काढले. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा मी डोळे वटारून माझ्या हाताकडे बघत होते आणि हात आपला त्याचंच तोंड लावत होता.

मागून भिंग म्हणाली, “सरक.”

ती कधी आली कळलं नाही. तिने सुरी घेतली, फोटो बघितला, इतका वेळ की मेण दोनदा गार झालं. मग दात लावले. मधे फट ठेवली, फोटोतल्यापेक्षा केसभर कमी. मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. पण त्या खोलीत कुणीतरी शिकवलं होतं, ती पाच-सहा वर्षांची असताना, स्टुलावर उभी करून.

घंटाबाईंनी आरशात बघितलं. मग ओठ हलवून पाहिले, आणि बारीकशी शिट्टी वाजली.

“मेली,” त्या आरशाला म्हणाल्या. “होतीस कुठे?”

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, पोरीचा हात बघितलात? उद्या अर्ज आहे. बदलून घ्या. ती तुमचं ऐकेल.”

तिने ऐकलं असतं. तेच तर. त्या क्षणी मी “राहा” म्हटलं असतं तर ती राहिली असती, आणि लॅब चालली असती, आणि संध्याकाळी घरात दोन माणसं असती. माझ्या तोंडात तो शब्द अगदी तयार होता, मेणात बसवलेला, फक्त बाहेर यायचा होता.

मी लॅबमध्ये गेले. ती सुरी पुसत होती.

“त्या पाचांत खरा कुठला?” मी विचारलं. “चार लांब आहेत म्हणून लिहिलेस. उरलेला एक कुठला?”

ती पुसतच राहिली.

“पहिला,” शेवटी म्हणाली. “मागच्या वर्षी रस्ता मोजायला माणसं आली होती. त्यांच्यातल्या एका ताईने मला तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघू दिलं. टेकडीवरचा खांब. लांबचा, पण एकदम स्वच्छ. नुसता खांब, आई. कुणासारखा दिसत नव्हता.”

“हात चांगलाय तुझा इथल्या कामाला.”

“माहितेय.”

“मग?”

“मग काही नाही. चांगलाय.”

मी खोडरबर शोधून दिलं. चार ओळी तिने खोडल्या, पहिली पेनाने गिरवली. शुक्रवारी दुपारी साडेबाराला अर्ज दिला, खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना. आमच्या घरात कुठलीच गोष्ट यापेक्षा लवकर होत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती डॉक्टरांना भेटायला आली. डॉक्टर म्हणाले, “अर्ध्या तासाचं काम आहे, तो डावीकडचा दात थोडा घासून नीट करून देतो. भेट समज.” तिचाही दात तसाच आहे, जन्माचा. तिने जिभेने तो चाचपला.

“नको डॉक्टर,” ती म्हणाली. “असू दे.”

बिननंबरचा जबडा मी तिच्या बॅगेत ठेवत होते, तिने काढून परत फळीवर ठेवला. मी तो आता वरच्या फळीवर ठेवलाय, काम करताना हाताशी येणार नाही असा. कवळी पाच-सहा वर्षं टिकते. हिरड्या झिजतात, पकड सुटते, मग माणसं परत येतात. एकेक करून ती साठ तोंडं माझ्याकडे येतील, आणि मी प्रत्येकाकडे जुना फोटो मागेन. शेवटचं कुणाचं असेल याचा मी विचार करत नाही. म्हणजे करते.

तिची बस गेली त्या सकाळी मी बाजाराच्या रस्त्याने परत येत होते. पोस्टमनकाका सायकल हातात धरून भेटले. “गेली का पोर?” त्यांनी विचारलं, आणि हसले.

“गेली,” मी म्हटलं. “पोचली की फोन करेल.”

मग मी आणखीही सांगितलं. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली ते, खोलीत तिच्याबरोबर दोघीजणी आहेत ते, पहिल्या वर्षीच दुर्बीण हातात देतात ते, रडली नाही आणि मीही स्टँडवर रडले नाही ते. काकांना कुठेतरी जायचं असणार. पण भला माणूस, सायकल धरून ऐकत उभे राहिले, आणि मधूनमधून हसत होते.