देवमनचा भोंगा आणि कौशल्येचा अंगठा

मी भोंगा बोलतोय! हो, ओरडतच बोलतोय. हळू बोलायचं बटन माझ्यात नाही. कानावर हात ठेवायचे तर ठेवा, पण ऐका.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. शुद्धीवर आलो तो अकोल्यातल्या एका दुकानात, प्रेशर कुकरच्या शेजारी. तिथून देवमनने मला उचललं आणि एसटीत मांडीवर बसवून अमरावतीला आणलं. तेव्हापासून त्याच्या भाजीच्या हातगाडीवर माझं सिंहासन आहे. सुतळीने बांधलेलं आहे, पण सिंहासनच!

काम सोपं. लाल बटन दाबलं की कानावर पडेल ते साठवायचं, हिरवं दाबलं की तेच गल्लीभर बोंबलायचं. रोज सकाळी देवमनची बायको कौशल्या लाल बटन दाबून खणखणीत सांगायची, "वांगे घ्या, टमाटे घ्या, सांबार घ्या!" कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. एकदा पुण्याचा एक पाहुणा पातेलं घेऊन आला होता. मी हसून हसून खरखरलो.

मग पावसाळा सरता सरता घरात चिकुनगुनिया शिरला. कौशल्येचा ताप चार दिवसांत उतरला, दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. दीड महिना झाला तरी सकाळी तिची मूठ वळेना, भाकरी थापवेना. माझं लाल बटन जरा कडक आहे. अंगठा टेकला की ती कळवळायची. देवमनचा हिशेब सरळ होता. ताप गेला म्हणजे आजार गेला, बाकी सगळे बहाणे. मला भारी राग यायचा. पण भोंग्याला स्वतःचं बोलता कुठे येतं?

एका थंडीच्या सकाळी ठिणगी पडली.

"साधं बटन दाबता येत नाई तुले? हे पाह्य, असं दाबायचं!" म्हणत देवमनने माझं लाल बटन खाडकन दाबलं आणि भांडणाच्या भरात विसरून गेला. मी इमानी नोकर, लागलो कामाला!

भांडण संपल्यावर त्याने कानाभोवती दुपट्टा गच्च गुंडाळला, हिरवं बटन दाबलं आणि गाडी लोटली. तसंही माझं बोलणं त्याने सहा वर्षांत कधी मनावर घेतलेलं नाही.

आणि मी सुटलो!

"ताप जाऊन दीड महिना झाला! कामचोर झाली तू!"

"कामचोर नाई मी! मूठ वळत नाई मायी. पाय टेकला की जीव जाते. तुमाले वाटते, मी ढोंग करून राहिली?"

खिडक्या फटाफट उघडल्या. तोंडात फेस आणि हातात ब्रश घेऊन माणसं फाटकाशी आली. भुंकणारं कुत्रंसुद्धा बसून ऐकू लागलं. तीन गल्ल्या मी हा खेळ रंगवला. चौथ्या गल्लीत नेहमीच्या गिऱ्हाईक गंगूबाईंनी गाडी अडवून त्याचा दुपट्टा ओढला.

"काय रे देवमन, टमाटे इकून राहिला का भांडण?"

देवमनने ऐकलं आणि त्याचा चेहरा त्याच्याच वांग्यांसारखा झाला. तो माझ्याकडे झेपावला.

"बंद नको करू," गंगूबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "मायंही असंच हाय बापा. जिना चढताना डोयातून पाणी येते. घरचे म्हणतात, म्हातारी नाटकं करते."

शेजारच्या दोघी म्हणाल्या, "आमचंही."

तेवढ्यात तब्येतीची चौकशी करत घरोघरी फिरणारी आशा कार्यकर्ती रूपाली तिथे आली. "नाटक नाई हे," ती म्हणाली. "चिकुनगुनियाचा ताप जाते, पण काही जणांचे सांधे कित्येक महिने दुखतात. मनानं गोळ्या घेऊ नका, डॉक्टरले दाखवा. अन् देवमनभाऊ, कौशल्यावहिनीले आजच घेऊन जा."

देवमन माझ्यापाशी उभा राहिला. माझ्यातलं भांडण पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. या वेळी त्याने ते पूर्ण ऐकलं. मग गाडी वळवली. अर्धी भाजी तशीच होती.

आता मीही म्हातारा झालोय. कडेला तडा गेलाय, बॅटरी रबराने बांधलीय. कौशल्या अजून पुरती बरी नाही. डॉक्टरांची औषधं, गरम पाण्याचा शेक, बोटांचा व्यायाम चालू आहे. भाकरी देवमन थापतो. तिच्यावर तालुक्याचा नकाशा उमटतो, पण तो थापतो. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, बाबांनो: दुखणाऱ्या माणसाला गल्लीभर ओरडायला लावू नका. ते काम माझं आहे.

परवा सकाळी कौशल्येने देवमनला बाजूला सारलं आणि माझ्या लाल बटनावर अंगठा ठेवला. पहिल्यांदा निसटला. तिने ओठ आवळून पुन्हा दाबलं. टक्क! मी आनंदाने शिट्टीच मारली.

"वांगे घ्या, टमाटे घ्या, सांबार घ्या! अन् ताप गेल्यावरही सांधे दुखतच असतीन, तर अंगावर काढू नका, दवाखान्यात दाखवा. घरच्यायनो, दुखणाऱ्याचं आयका!"

देवमन शेजारीच उभा होता. थंडी कडाक्याची होती, तरी दुपट्टा त्याने खांद्यावर टाकला होता. दोन्ही कान उघडे होते.