सहा नंबरला घातलेला हार

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो, पण एका जिवंत बाईची जर्सी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण याच एका गोष्टीवरून पुढे मोठा घोळ झाला आणि त्या घोळात माझी दोन वर्षं भिंतीवर गेली.

वरठीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचं गाव आहे. पाळीमागची पडीत जमीन हेच आमचं हॉकीचं मैदान. तिथे गवत कमी आणि खडे जास्त. एका टोकाला मोहाचं झाड आहे. मोहफुलं गळण्याच्या दिवसांत आधी फुलं वेचणाऱ्या बायांची विनवणी करून त्यांना उठवावं लागे, मग खेळ सुरू होई. या मैदानावर भय्याजींनी मुलींचा संघ उभा केला. भय्याजी पोलादाच्या कारखान्यात कामाला. कामाची पाळी संपली की सायकलवरून थेट मैदानावर येत. घरी जेवायला उशीर झाला तरी चालेल, पण शिट्टीला उशीर झालेला त्यांना खपत नसे.

भंडाऱ्याच्या बाजारातून आम्ही बारा जणी एकाच गठ्ठ्यात आलो. गडद निळ्या होतो आणि सगळ्यांची पाठ कोरी होती. जिने तिने आपापला नंबर लावून घ्यावा, असं भय्याजींनी सांगून टाकलं. मी रुपाच्या वाट्याला आले. रुपा तेव्हा गावात नवी सून होती. माहेरी शाळेत हॉकी खेळलेली, सासरी विचारायला घाबरत होती. तिच्या सासूने, बेबीबाईने, तिला विचारण्याची वेळच येऊ दिली नाही. नवऱ्याच्या जुन्या धोतराचा स्वच्छ पांढरा तुकडा घेतला, त्यातून सहाचा आकडा कापला आणि दुपारभर बसून माझ्या पाठीवर शिवला. टाके असे घट्ट, की मला श्वास घेता येईना.

फक्त बेबीबाईला इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. तिने सहा उलटा शिवला. पहिल्याच सामन्यात आमच्या संघात दोन नऊ नंबर निघाले आणि पंचांनी शिट्टी फुंकून खेळ थांबवला. सगळं मैदान हसत होतं. बेबीबाई मात्र तरातरा आत आली, केसांतली पिन काढली, मैदानाच्या कडेलाच टाके उसवले आणि पदरात खोचलेल्या सुई-दोऱ्याने सहा सरळ करून दिला. "आकड्याचं पोट खाली पाहिजे मनते," ती पंचांना म्हणाली, "आदी काहून नाही सांगतलं?" तेव्हापासून घरात तो विनोदच होऊन बसला.

त्यानंतर अकरा वर्षं मी रुपाच्या अंगावर होते. रुपा मैदानाच्या मधोमध खेळायची. गोल तिने फारसे केले नाहीत. तिचं काम म्हणजे चेंडू अडवायचा, मान वर करायची आणि ज्या मुलीपुढे वाट मोकळी असेल तिला द्यायचा. "ए सहा, इकडं दे!" ही हाक मी किती वेळा ऐकली असेल, याचा हिशेब नाही. हाक आली की रुपाच्या खांद्याची एक हालचाल व्हायची. ती मला तिच्याआधी कळायची. तिच्या घामाने मी भिजले, मातीने मळले, तलावाच्या दगडावर आपटून धुतले गेले आणि उन्हात वाळले. निळा रंग उडून राखेसारखा झाला. काखेत दोनदा फाटले. तरी सांगते, मित्रांनो, त्या अकरा वर्षांत माझ्यासारखी सुखी जर्सी जिल्ह्यात नव्हती.

मग एका सामन्यात रुपाचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी पळायला कायमची बंदी केली. रुपाने मला धुतलं, घडी केली आणि भय्याजींच्या हातात दिलं. "दुसरीले द्या," एवढंच ती म्हणाली.

भय्याजींनी मला दुसऱ्या कोणाला दिलं नाही. त्याच सुमारास त्यांच्या मोबाईलवर बातमी आली होती, की मोठे संघ आपल्या थोर खेळाडूचा नंबर कायमचा बंद करतात. तो नंबर पुन्हा कोणी घालायचा नाही, हाच त्याचा मान. भय्याजींना ते फार पटलं. दुसऱ्याच रविवारी ते भंडाऱ्याला जाऊन काचेची मोठी चौकट घेऊन आले. माझी पाठ बाहेर येईल अशी मला त्यात ताणून बसवलं आणि समाजमंदिराच्या भिंतीवर टांगलं. आता एवढ्या मानाच्या वस्तूला हार नको का? फुलांचा हार दोन दिवसांत सुकतो. म्हणून त्यांनी टिकाऊ असा चंदनाच्या सालींचा हार आणला आणि चौकटीला घातला. वर लाल दिवाही लावला.

तुम्ही तुमच्या घरातल्या भिंती आठवा, म्हणजे तसला हार कोणाच्या फोटोला असतो ते कळेल. भय्याजींच्या ते ध्यानातच आलं नाही. माणूस सरळ, माया उतू चाललेली, आणि मायेच्या भरात माणसाला दिसायचं तेच दिसत नाही. बेबीबाई मात्र पहिल्याच दिवशी उखडली. "जित्या सुनेच्या कपड्याले असा हार? तुमाले काही वाटते का, बाप्पा?" पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

आरंभी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मुली सामन्याला निघताना काचेला हात लावून पाया पडत. शनिवारी कोणीतरी उदबत्ती लावी. आपण मोठे झालो, असं मला वाटू लागलं. पण समाजमंदिराची खिडकी मैदानाकडे उघडते. हार काचेवरून लोंबत असल्यामुळे मला अर्धंच मैदान दिसायचं. चेंडू त्या अर्ध्यातून पलीकडे गेला, की पुढे काय झालं ते कळत नसे. नुसता आरडाओरडा ऐकू येई आणि मी काचेच्या आत ताठ उभी. काचेला वारा लागत नाही, घाम लागत नाही. मला मळायचं होतं, मित्रांनो. मान मिळाला, पण कोणी हाक मारीना.

रुपाचीही तीच गत होती. रोज संध्याकाळी ती पाळीवर येऊन बसायची, एक हात गुडघ्यावर ठेवून. आम्ही दोघी एकाच मैदानाकडे बघत होतो, ती बाहेरून आणि मी आतून. फक्त कामिनी मैदानात असली की रुपा बसल्या जागेवरून बोलू लागे. कामिनी सोळा वर्षांची, दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन शेतं, पलीकडे राहणाऱ्या शेतकऱ्याची पोर, आणि रुपाच्याच जागी खेळणारी. "मान वर कर व पोरी! चेंडू पायाखाली पाहून नको राहू!" मग कामिनी मान वर करायची.

यंदा संघाला नव्या लाल जर्सी मिळाल्या, नंबर छापूनच. त्यांत एक जर्सी कोरी होती, कारण भय्याजींनी सहा छापू दिला नव्हता. कामिनीने धीर करून सहा मागितला.

"तो नंबर बंद झाला," भय्याजी म्हणाले. "त्याले कोनी हात लावाचा नाही. तुले बारा दिला ना?"

कामिनीने बारा घातला. पण ती खेळायला उतरली की मुली एकमेकींना सांगत, रुपाकाकूसारखी पुन्हा होणे नाही. असं रोज ऐकून कोणाची मान वर राहील? मला तिची दया येई आणि स्वतःची लाज वाटे. माझ्यामुळेच ती जागा भरलेली असून रिकामी होती.

मग आमच्या गावात स्पर्धा ठरली. मैदान बघायला भंडाऱ्याहून धनंजय सर आले. ते पंच होते आणि गावात पहिल्यांदाच येत होते. समाजमंदिरात शिरताच त्यांना मी दिसले, चंदनाचा हार आणि लाल दिवा दिसला. सरांनी दाराशी चपला काढल्या, पुढे येऊन हात जोडले आणि डोळे मिटले. मग खालच्या आवाजात भय्याजींना विचारलं, "केव्हा गेल्या बाई?"

नेमकी तेव्हाच रुपा चहा घेऊन दारात उभी होती.

"अजून जायची हाय, सर," ती म्हणाली. "पहिले चहा घ्या."

सगळे पोट धरून हसले. सर ओशाळले आणि मग तेही हसले. रुपाही हसली. पण कप गोळा करून झाल्यावर सगळे मैदानाकडे गेले, तेव्हा ती एकटी माझ्यासमोर थांबली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिचं रडणं मी एकटीनेच बघितलं.

सर गेल्यावर तिने भय्याजींना आत बोलावलं. बेबीबाई होती, कामिनी होती. रुपाने खुर्चीवर चढून आधी हार काढला.

"हे काय करून राहिली?" भय्याजी दुखावले. "तुह्यासारखी खेळणारी पुन्हा होनार नाही, म्हणून बंद केला मी नंबर. उद्या कोनी सहा घालून भलतंच खेळलं त तुहं नाव खराब होईन."

"माहं नाव रुपा हाय, भय्याजी," ती म्हणाली. "सहा हे नाव नाही, काम हाय. मधात उभं राहून ज्याले पाहिजे त्याले चेंडू देनं. माह्या गुडघ्यानं ते सोडलं. तुमी कायले बंद करून टाकलं?"

"तुह्या मानासाठी, रुपा."

"आन् पुन्हा होनार नाही कसं? होऊ देसान त होईन ना!"

भय्याजींनी शिट्टीशी चाळा केला. मग म्हणाले, "मले वाटलं, तू खुश होशीन." आणि त्यांनी स्वतःच चौकटीचे खिळे सैल केले.

काच निघाली आणि दोन वर्षांनी मला वारा लागला. मला वाटलं, आता मी मैदानात जाणार! पण मी काखेत फाटलेली, कामिनीला ढगळ होणारी, आणि संघ आता लाल. रुपाने मला मांडीवर पालथं घेतलं आणि ब्लेडने बेबीबाईचे टाके एकेक करून कापले. सहा माझ्या पाठीवरून सुटला. अकरा वर्षं पळताना, दोन वर्षं टांगलेली असताना तो माझ्याजवळ होता. आता तो कोऱ्या लाल जर्सीवर बसला आणि मी तशीच राहिले. फार दुखलं, मित्रांनो. ज्या गोष्टीची आस धरली ती झाली, पण ती माझ्याशिवाय झाली.

शिवून झाल्यावर बेबीबाईने आकड्यावरून बोट फिरवलं. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं. "पोट खाली हाय ना व?" तिने विचारलं. "हाय, माय," रुपा म्हणाली.

सामन्याच्या दिवशी रुपाने मला घडी करून दुखऱ्या गुडघ्यावर ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं मैदान बघितलं. आम्ही एका गोलने हरलो. कामिनीचे दोन पास सरळ समोरच्या संघाकडे गेले. पण एकदा तिने चेंडू अडवला, मान वर केली, आणि उजवीकडून कोणीतरी ओरडलं, "ए सहा, इकडं दे!" त्या हाकेला मैदानात कामिनी वळली आणि पाळीवर रुपा वळली. गुडघ्यावर मीही हलले असेन.

आता माझं काय, असं तुम्ही विचाराल. मी धानाच्या रोवणीला जाते. आमच्याकडे बाया शेतात लुगड्यावरून जुना सदरा घालतात. रुपा मला घालते. पहिल्या दिवशी मी पाठीवर कोरीच आहे असं मला वाटत होतं. पण बांधीत ओली झाले आणि मागून बेबीबाईची जाऊ ओरडली, "अवो रुपा, तुह्या पाठीवर सहा तसाच हाय!" खरंच होता. सगळी मी उन्हाने विटले, पण जिथे धोतराचा तुकडा शिवलेला होता, तिथे ऊन पोचलंच नव्हतं. तिथे मी अजून बाजारातून आणलेल्या दिवसासारखी गडद निळी आहे.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या आवडत्या माणसाचा मान करा, जरूर करा, पण त्याआधी त्याला विचारा. आणि जी वस्तू वापरायची आहे ती काचेत ठेवू नका. आम्हाला मळण्याचं दुःख नसतं.

रुपाला गुडघ्यामुळे फार वेळ वाकून रोवता येत नाही. म्हणून ती बांधीच्या मधोमध उभी राहते आणि रोवणाऱ्या बायांना धानाच्या रोपांच्या जुड्या फेकून देते. कोणाच्या हातातली जुडी संपली ते बघायला तिला सारखी मान वर करावी लागते. काल टोकाला कामिनी रोवत होती. तिचा हात रिकामा झाला आणि ती चिखलातून ओरडली, "ए सहा, इकडं दे!"

रुपाचा खांदा हलला. मला तिच्याआधी कळलं.