मोहरीच्या डब्याचा पत्रा

सकाळचा उजेड आठव्या मैलावरच्या वस्तीत कधीच एकदम येत नसे. आधी दरीपलीकडच्या डोंगराची कड किंचित फिकट होई, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या काठासारखी. मग बराच वेळ काहीच होत नसे. खाली तिस्तेवर धुकं निजलेलं असे आणि वर आकाश, आपण कोणत्या रंगाचं व्हावं याचा विचार करत थांबलेलं. त्यानंतर उजेड रस्त्यापलीकडच्या बांबूच्या शेंड्यांवर उतरे, शेंड्यांवरून चहावालीच्या पत्र्यावर, आणि तिथून गॅरेजच्या शटरला पडलेल्या नऊ भोकांपाशी. भोकांतून आत आलेल्या त्याच्या नऊ काड्या तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवरून सरकत भिंतीवर चढत आणि तिथे टांगलेल्या पान्यांना एकेक करून जागं करत. आठ नंबर, दहा, बारा. ओंगदेन लेप्चा रोज हे पाहत बसे. उजेड चोविसाच्या पान्याला पोहोचला की शटर उघडायचं, असा त्याचा नियम होता. आज मात्र उजेड सतरावरच होता आणि त्याने शटर उचललं.

आज हर्कमानकाका येणार होते. दोन महिन्यांतून एका मंगळवारी, स्टँडवर सवारी भरायचा त्यांचा नंबर नसे तेव्हा, ते आपली जीप घेऊन येत. जीपचं नाव कान्छी, म्हणजे शेंडेफळ. तिन्ही मुली लग्न होऊन गेल्यावर काकांच्या घरी हीच उरली होती. सिलिगुडीचा रस्ता वर-खाली करत तिने सहा लाख ऐंशी हजार किलोमीटर कापले होते. एवढ्या चाललेल्या इंजिनाच्या ईजीआरला, म्हणजे इंजिनाचा थोडा धूर पुन्हा त्याच्याच श्वासात सोडणाऱ्या त्या व्हॉल्व्हला आणि नळीला, काजळी धरते. चढावर खालच्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या गाडीला तर अधिकच. स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी यावर सोपा उपाय काढला होता. नळीच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा घालून धुराची वाट बुजवायची, आणि मग डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा लागून राहतो, त्याच्यावर देवीचं स्टिकर चिकटवायचं. ओंगदेन ते करत नसे. व्हॉल्व्ह साफ करायचा असतो, त्याचा गळा दाबायचा नसतो, असं त्याचे उस्ताद सांगून गेले होते. हे मानणारी गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. उरले हर्कमानकाका. तेही गेले तर हा मंगळवार जाईल, हे ओंगदेन जाणून होता. आणि इतर कोणत्याही दिवशी त्याच्यापाशी कुणी नुसतं बसायला येत नसे.

कान्छी धापा टाकत अंगणात शिरली. काका उतरले. एका हातात कापडात बांधलेल्या सेलरोट्या, तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी, दुसऱ्या हातात आलुदमचा डबा.

"काय रे बाबू, शटर उघडं? रात्री लावलंच नव्हतंस की काय?"

"लावलं होतं."

"बघा! सकाळी सकाळी दोन शब्द. आता दुपारपर्यंत तोंडाला कुलूप." काकांनी लाकडी खोक्यावर बैठक मारली. "काकी म्हणाली, त्या हाडकुळ्याला आधी खाऊ घाल. नाहीतर बोल्ट फिरवायला जाईल आणि स्वतःच गरगरा फिरेल."

ओंगदेन हसला, पण मान खाली घालून. इंजिन निवेपर्यंत दोघांनी खाल्लं, चहावालीने चहाचे कप आणून दिले. मग बॉनेट उघडण्यासाठी तो जीपमध्ये वाकला, तेव्हा डॅशबोर्डवरची लालभडक देवी त्याच्याकडे पाहत होती. मागच्या खेपेलाही ती तिथेच होती. काका देवभोळे आहेत, असं त्याने स्वतःशी म्हटलं आणि कळ ओढली.

व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी त्याने काढली, तिचं तोंड ओठांत धरलं, हवा आत ओढली आणि जिभेने भोक बंद केलं. व्हॉल्व्हची काडी उचलली गेली आणि तशीच वर राहिली. म्हणजे आतला पडदा शाबूत होता.

"पुन्हा घेतलास कान्छीचा मुका!" काका ओरडले. "अरे, बापासमोर तरी लाज बाळग."

त्याने बोल्ट सोडवून व्हॉल्व्ह बाहेर काढला. उस्तादांनी लावून दिलेल्या सवयीप्रमाणे बांबूच्या चिपेने आतून खरवडू लागला. लोखंडाने ओरखडे पडतात. चिपेला विशेष काही लागलं नाही. फडकं जेमतेम राखाडी झालं.

"काजळी कमी आहे," तो म्हणाला.

"तुझा हात लागतो ना," काका घाईने म्हणाले आणि कपात पाहू लागले.

ओंगदेनने तो स्वच्छ व्हॉल्व्ह डिझेलच्या वाडग्यात बुडवला आणि जुन्या टूथब्रशने घासायला लागला. नेहमीइतकाच वेळ. काका धाकट्या लेकीच्या सासरची हकिकत सांगत होते. तिच्या सासूने पाळलेला बोकड पाहुण्यांच्या चपला खातो म्हणून जावई सगळ्यांना अनवाणीच बोलावतो. ओंगदेन घासत होता आणि ऐकत होता. या दोन गोष्टी एकत्र चालू असल्या की त्याला जगाकडून आणखी काही नको असे.

एवढ्यात स्टँडवरचा डम्बर चाकाचा पाना मागायला आला. पाना घेतला, वाडग्यात डोकावला आणि काकांकडे पाहून खो खो हसू लागला.

"दाजू, हे काय? पत्रा बसवल्यावर व्हॉल्व्ह कशाला धुताय? सिलिगुडीत मीच तर डबा कापून दिला, मोहरीच्या तेलाचा!" मग ओंगदेनकडे वळून म्हणाला, "आणि तू रे, केस गेलेल्या डोक्यावरून कंगवा फिरवतोयस!"

तो गेला तरी त्याचं हसू रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिलं. ब्रश थांबला होता. चहावालीच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखंही ऐकू येत होती.

"कधी?" ओंगदेनने विचारलं.

"आषाढात." काकांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. "दहा माणसं भरलेली आणि चढावर ही पाऊल उचलेना. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, आम्ही उतरून ढकलू का? मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. डम्बर म्हणाला, पत्रा घाल. घातला. थोडीफार ओढायला लागली."

"मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू भांडला असतास का? नुसतं पाहिलं असतंस. तुझं ते पाहणं मला सोसत नाही, बाबू."

"मग भाद्रपदात कशाला आलात? आज कशाला आलात?"

एवढं लांब तो वर्षभरात बोलला नव्हता. काकांनी रिकामा कप जमिनीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"मंगळवारी कुठे जाऊ, सांग. स्टँडवर डम्बरचं तोंड बघत बसू? आणि काकीने विचारलं, सेलरोटी कुणासाठी तळू, तर काय सांगू?"

ओंगदेन उठला. नळीचं दुसरं टोक इंजिनाच्या मागच्या अंगाला होतं. नेहमीच्या साफसफाईत तिथे हात घालावा लागत नसे. त्याने घातला. दोन बोल्ट काढल्यावर पत्रा निघाला. मधोमध जळून काळा पडलेला, पण बाहेर राहिलेल्या कडेवर डब्याचा पिवळा रंग आणि मोहरीचं अर्धं फूल अजून शिल्लक होतं. त्याने तो तळहातावर घेऊन उजेडात धरला.

"चढावर ती धापा टाकायची, त्यात माझीही चूक आहे," तो हळू म्हणाला. "व्हॉल्व्हच्या पुढे मॅनिफोल्ड असतो, हवा आत जायची वाट. तो मी कधी उतरवलाच नाही. एवढ्या वर्षांची काजळी त्यात तेलाशी कालवून थिजली असणार. मी नुसता उंबरा झाडत राहिलो."

"मग आता?"

"पूर्ण दिवस लागेल. आज गाडी ठेवा. पत्र्याची गरज राहणार नाही. पण वाट मोकळी केली की काजळी पुन्हा धरणार." पुढचं वाक्य त्याने दोनदा मनात जुळवून पाहिलं. "दोन महिन्यांनी यावं लागेल."

"यावं लागेल?"

"लागेलच."

"पौषात," काका बोटांवर मोजत म्हणाले. "थंडी असेल. तिळाचे लाडू आणीन." मग ते उठून कान्छीपाशी गेले, नखाने कोपरा उचलून देवीचं स्टिकर सोडवलं आणि ते जपून काचेवर वरच्या बाजूला लावलं. डोळे पुसल्यासारखं करून म्हणाले, "दोन खेपा फसवलं मी तुला. स्वच्छ व्हॉल्व्ह धुवायला लावला. रागावू नकोस, बाबू."

उजेड आता चोविसाच्या पान्यापर्यंत आला होता. ओंगदेनने पत्र्याची पिवळी कड अंगठ्याने चोळली. दोन महिने तो स्वतःला सांगत आला होता की तिथे वाऱ्याने एखादं वाळकं पान अडकलं असेल.

"तुम्ही फसवलं नाहीत, काका," तो म्हणाला. "पत्रा मी भाद्रपदातच पाहिला होता."