राणीची शाबासकी

दिवसभर घसा फोडून काम करणारी बाई घरी मुकी असते, हे कुणाला सांगून पटायचं नाही; पण ठकीच्या आईचं तसंच होतं. सकाळी दहापासून पाचपर्यंत ती भिंतींना गाद्या ठोकलेल्या एवढ्याशा खोलीत मायक्रोफोनपुढे उभी राहायची आणि किंचाळायची, हसायची, धमकावायची, अधूनमधून मरायची. जाहिरातींतल्या आया तिनं केल्या, कार्टूनमधली माकडं केली, आणि गेलं वर्षभर ती एका व्हिडिओ गेममधली काळी राणी करत होती. संध्याकाळी घरी यायची ती घसा बसवूनच. डॉक्टरांनी दम भरला होता, कामाबाहेर एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर कायमचं गप्प बसावं लागेल. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला पाटी टांगलेली असे. तिच्यावर ती खडूनं लिही: 'जेव.' 'दात घास.' 'दप्तर भरलंस?' गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. सात वर्षांच्या लेकीला आईच्या तोंडचं म्हणून जे मिळे ते एवढंच, आणि तेही दुसऱ्या मिनिटाला पुसलं जाई.

ठकी हे लाडाचं नाव. लाकडी ठकीसारखे डोळे गोल करून टकामका बघत बसायची, म्हणून बापानं ठेवलेलं. बाप फ्रीज दुरुस्त करायचा, चारला घरी यायचा आणि सव्वाचारला सोफ्यावर घोरायला लागायचा. माणूस भला, पण डोकं चालवण्याचं काम त्यानं फ्रीजपुरतं राखून ठेवलं होतं.

गेम बाजारात आला तेव्हा कंपनीनं राणीच्या आवाजाला गेमचा एक डबा भेट दिला. डब्यावर अठराचा आकडा होता, चांगला अंगठ्याएवढा. आईनं डबा कपाटावर टाकला आणि नवऱ्याला पाटीवर बजावलं की राणी कोण हे कुणाला सांगायचं नाही, कंपनीला तसं लिहून दिलंय. खाली आणखी एक ओळ लिहिली, 'ठकीलाही नाही.' नवऱ्यानं हे इमानेइतबारे पाळलं. डबा मात्र त्यानं चौथ्या दिवशी खाली काढला आणि खेळ टीव्हीवर लावला. बायकोचं काम बघू तरी, एवढाच हेतू. बघता बघता त्याचा डोळा लागला आणि रिमोट ठकीच्या हातात गेला.

हे समजल्यावर आई रागावली का? खरं सांगायचं तर तिला गुदगुल्या झाल्या. चपला काढता काढता ती दारातच थांबली. पडद्यावर राणीच्या फौजेतली एक पोरगी तलवार घेऊन गावात शिरत होती, घरं जळत होती, माणसं पळत होती, आणि वरून तिचाच आवाज सांगत होता, 'गुडघे टेकायला लाव. ओरडू दे त्यांना.' ठकी कान टवकारून ऐकत होती. आत्ता ओळखेल, आईला वाटलं. माझ्या पोटची आहे, आत्ता मान वळवेल आणि म्हणेल, आई, ही तू. ठकीनं मान वळवली खरी.

"श्श," ती म्हणाली. "राणी बोलतेय."

तिथून आईच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. सवतीमत्सर नवऱ्यावरून होतो. हिला तो लेकीवरून झाला, आणि सवत कोण म्हणाल तर ती स्वतःच. कुणाजवळ गाऱ्हाणं घालायची सोय नाही, कारण ऐकणारा हसणार. ती त्या राणीला पाण्यात पाहायला लागली. तिचा मुकुट डोळ्यात खुपायला लागला, तिच्या झग्याचा घेर खुपायला लागला, आणि सगळ्यात जास्त खुपायला लागलं ते तिचं 'शाबास गं'.

खेळाची रीत अशी होती. समोरच्याला न सोडता मारलं, हातापाया पडला तरी मारलं, की राणी म्हणायची, 'शाबास गं, माझी वाघीण.' कुणाची दया येऊन सोडून दिलं, की राणी गप्प. नुसता वारा वाहायचा. पुढचा बळी पडेपर्यंत तिच्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही.

ते 'शाबास गं' रेकॉर्ड करताना जमता जमत नव्हतं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट सारखा म्हणे, "ताई, शाळेतल्या बाई वाटतायत. आई हवीय." बाविसाव्या वेळी तिनं डोळे मिटले आणि घसा धड असताना ठकीला आंघोळ घालताना ती ज्या सुरात बोलायची तो सूर काढला. रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. म्हणजे घरातली वस्तू तिनं आपल्या हातांनी त्या बयेला नेऊन दिली होती. आता ती बया तीच वस्तू मिरवत हिच्याच घरात ठाण मांडून बसली होती.

खेळ बंद करायला हवा होता. रक्ताचे पाट वाहत होते आणि पोर रोज तासभर ते बघत होतं. नवरा म्हणाला, "रंग आहे गं तो नुसता," आणि तिनं मान डोलावली. खेळ बंद पाडण्यात तिला रस नव्हता, तिला जिंकायचं होतं. लेकीनं आपणहून ओळखावं, हा हट्ट. रोज ती आस लावून दारात उभी राहायची आणि रोज ठकी म्हणायची, "भांडी वाजवू नकोस ना, ऐकू येत नाही."

एकदा तिनं न राहवून पाटीवर लिहिलं, 'मी आवडते की राणी?' ठकीनं अक्षरावर बोट ठेवत वाचलं आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"राणी 'शाबास' म्हणते," ती म्हणाली. "तू काहीच म्हणत नाहीस."

आईनं पाटी अशी पुसली की हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेमच्या दुसऱ्या भागाचं काम सुरू होत होतं. तिनं कागद चाळले आणि रेकॉर्डिस्टला म्हणाली, "राणीला पहिल्याच लढाईत मारून टाका ना."

"ताई, राणी गेली तर तुम्ही काय करणार?"

"माकडं," ती म्हणाली. तो हसला. ती हसली नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी शाळेतून फोन आला. अर्धं वाक्य माइकपुढे सोडून ती निघाली. ठकी बाईंच्या खोलीबाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. आत तिची वर्गमैत्रीण होती, दोन वेण्यांची, उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत गुंडाळलेली, रडून रडून नाक लाल झालेलं. बाईंनी आईला बाजूला घेतलं.

"जिन्याखाली तिला म्हणाली, गुडघे टेक. तिला वाटलं खेळ आहे, तिनं गुडघे टेकले, हातही टेकले. मग हिनं तिच्या बोटांवर बूट ठेवला आणि उभी राहिली. ती ओरडली तरी ही हलली नाही. नखं काळीनिळी झालीत हो."

"भांडण झालं होतं?" आईनं कुजबुजत विचारलं.

"तेच तर. भांडण नाही, राग नाही. मी धावत गेले तेव्हा ठकी मान वर करून उभी होती. काहीतरी ऐकायचंय अशी." बाई घुटमळल्या. "घरी काय बघते ती?"

आईचा चेहरा उतरला. 'गुडघे टेकायला लाव' हे तिनं तीन तऱ्हांनी म्हटलं होतं आणि त्यातली दुसरी सगळ्यांना पसंत पडली होती. ती मैत्रिणीपाशी गेली, तिच्या केसांवरून हात फिरवला.

शाळेतून दोघी चालत निघाल्या. आई गप्प होती, अर्धी सवयीनं आणि अर्धी संतापानं. संताप अजूनही त्या बयेवरच होता. माझी लेक पळवली, तिला आपल्यासारखी केली, हेच तिच्या डोक्यात घुमत होतं. ठकी चार पावलं टाकायची आणि मान वर करून तिच्याकडे बघायची. इमारतीच्या पायरीशी आल्यावर तिला दम धरवेना.

"आता तरी म्हण ना."

"काय?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"शाबास. ती रडली तरी मी सोडलं नाही."

आई पायरीवर बसली. "ठकी, ते राणी म्हणते. मी राणी नाही."

"तूच तर आहेस."

आईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," ठकी म्हणाली. "आंघोळ घालताना बोलायचीस तशी बोलतेस तिथे. म्हणून तर मी खेळते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू पण नाही सांगितलंस. मला वाटलं, तिथलं इथे बोलायचं नसतं." तिनं बुटाचं टोक पायरीवर घासलं. "मारलं की तू बोलतेस. सोडलं की गप्प बसतेस. घरी तू गप्पच असतेस. मी कुणाला मारलंच नव्हतं ना."

इतके दिवस ज्या सवतीवर ती जळत होती ती जागच्या जागी नाहीशी झाली. भांडायला आता समोर कुणी नव्हतं. सगळं तिचं एकटीचं होतं, राणीची शाबासकीही आणि पाटीवरचं 'जेव'ही. पर्समध्ये फोन वाजायला लागला. स्टुडिओ असणार, अर्धं वाक्य अजून उभं होतं. तिनं तो वाजू दिला.

"ऐक," ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. "तिला फार दुखलंय. आपण दोघी तिच्या घरी जायचं, आज. तू तिला काय म्हणायचं ते तूच ठरव, मी शेजारी उभी राहीन. तो डबा मी देऊन टाकणार आहे. आणि मी गप्प असते ती तुझ्यावर रागावून नाही. माझा घसा बिघडलाय. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं."

ठकी ऐकत होती. आईला नीट बसता यावं म्हणून ती हळूच भिंतीकडे सरकली आणि दप्तर मांडीवर घेतलं.

"शाबास गं," आई म्हणाली. सूर फाटका होता, आंघोळीच्या वेळचा त्यात जेमतेम उरला होता.

ठकीनं दचकून इकडे तिकडे पाहिलं. मग आपल्या बुटांखाली पाहिलं.

"पण मी आत्ता कुणालाच काही केलं नाही."

"माहितीये मला," आई म्हणाली, आणि घसा पार बसेपर्यंत तिच्याशी बोलत राहिली.